पवई तलावाचे फोटो पुष्कळ झाले, आता जरा भिंतीकडे बघा : एक खुलं पत्र

प्रति,
पवई तलाव ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर थोडा थोडा येतो त्या सगळ्या साहेबांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम जाहीर लिहितेय. बंद पाकिटातून दिलेल्या अर्जाचं काय होतं ते आता पाठ झालंय, आवकच्या खिडकीवर शिक्का मारून पोच मिळते आणि मग तो कागद कुठे जातो ते देवालाच ठाऊक. म्हणून म्हटलं सगळ्यांसमोरच लिहावं, म्हणजे निदान तलावावर रोज चालायला येणारे, खाली मिठी नदीच्या काठाला राहणारे आणि रविवारी पोराबाळांना घेऊन भुट्टा खायला येणारे लोक तरी वाचतील.

निमित्त सांगते. मध्यंतरी आमच्या भागात तलावाच्या सुशोभीकरणावर एक मीटिंग झाली. कोणी बोलावली ते इथे लिहीत नाही, जे होते त्यांना माहीत आहे. मोठ्या स्क्रीनवर प्रेझेंटेशन, रंगीत कारंजी, लेझर शो, सेल्फी पॉइंट, काचेचा डेक, खाण्याच्या स्टॉल्सची रांग, चित्रातली माणसं सगळी गोरीगोमटी आणि चित्रातलं पाणी तर मालदीवसारखं निळं. शेवटी "काही प्रश्न असतील तर विचारा" म्हणाले म्हणून मी उभी राहिले आणि विचारलं, की धरणाच्या भिंतीची शेवटची तपासणी कधी झाली आणि त्याचा रिपोर्ट आम्हाला बघायला मिळेल का. उत्तर आलं, "मॅडम, तो आजचा विषय नाही." पुढचा प्रश्न पार्किंगचा होता, त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली.

तर साहेब, तो विषय कधीचा आहे तेवढंच विचारायला हे पत्र.

माझा यात काय संबंध ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल ही कोण बाई. मी मरोळला राहते, मिठीपासून दोन गल्ल्या आत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा तुम्हाला तोंडपाठ असेल, आमच्याकडे त्याची खूण भिंतीवर आहे, पोटमाळ्याच्या फळीच्या जेमतेम चार बोटं खाली. त्या पाण्यात आमचं रेशन कार्ड, माझ्या लग्नाचा अल्बम आणि शेजारच्या काकूंची शिलाई मशीन गेली, माणसं वाचली. आणि दुसरीकडे माझे वडील. साकीनाक्याच्या एका कंपनीत फिटर होते, सुट्टीच्या दिवशी पहाटे पिठाचे गोळे मळून, गळ नि रीळ घेऊन पवईवर जायचे, रोहू किंवा कटला लागला तर घरी सण. आता वय झालंय, गळ टाकत नाहीत, पण आठवड्यातून एकदोनदा मी त्यांना रिक्षाने काठावर नेते आणि ते नुसतं पाण्याकडे बघत बसतात. म्हणजे भिंतीच्या वर माझा बाप बसलेला असतो आणि भिंतीच्या खाली माझं घर आहे. एवढा संबंध पुरे असावा.

आता भिंतीचं. नवीन मुंबईकरांतल्या कित्येकांना हे माहीतच नाहीये की पवईचं पाणी तिथे आपोआप साचलेलं नाही, दोन टेकड्यांच्या मध्ये दगडी बांध घालून अडवलंय. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा, आणि तरी शहराची तहान भागेना म्हणून 1890 च्या आसपास पवई बांधला, तेव्हाचे 12 लाख 59 हजार रुपये खर्चून. पाणी काही पिण्यालायक निघालं नाही. त्यामुळे ते आरे कॉलनी आणि कारखान्यांसाठी वापरलं जातं, नळाला येत नाही. भिंतीची उंची साधारण 10 मीटर, म्हणजे फार नाही, तीन मजली बिल्डिंगएवढी. पण मागे पाणी किती, तर तलाव भरला की 545 कोटी लिटर. 10 हजार लिटरचा टँकर धरला तर साडेपाच लाख टँकर होतात, करा हिशोब. (हा आकडा मूळचा, आता गाळ किती बसलाय आणि खरं पाणी किती मावतं ते तुम्ही मोजलं असेल तर सांगा, ऐकायला आवडेल.)

मी इंजिनिअर नाही. भिंत फुटेल वगैरे मी म्हणत नाहीये आणि कृपा करून कोणी माझ्या नावाने तसा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ती भिंत उभी आहे, बांधणाऱ्यांनी चोख काम केलंय. पण सव्वाशे वर्षांची आजी ठणठणीत असली तरी तिला वर्षातून दोनदा डॉक्टरकडे नेतातच ना, आणि रिपोर्ट घरात सगळ्यांना दाखवतात.

तिवरे आठवतंय का? चिपळूण तालुक्यातलं, 2 जुलै 2019 ची रात्र. मातीचं धरण होतं, जुनं पण नव्हतं, गावकरी आधीपासून सांगत होते की गळती आहे, कोणीतरी बघा. धरण फुटलं, घरं वाहून गेली, वीसच्या वर माणसं गेली, आणि नंतर मंत्र्यांकडून काय ऐकायला मिळालं तर खेकड्यांनी धरण पोखरलं. पवईची भिंत दगडी आहे, तिवरेची मातीची होती, दोन्हींत फरक आहे हे मान्य. पण "लहान धरण आहे, काय होतंय" हा जो स्वभाव आहे तो दोन्हीकडे सारखाच आहे, आणि मला भीती भिंतीपेक्षा त्या स्वभावाची वाटते.

केंद्राने 2021 मध्ये धरण सुरक्षा कायदा केला. 15 मीटरपेक्षा उंच धरणं त्यात थेट येतात. 10 ते 15 मीटरमधली धरणं काही अटींत बसली तर येतात, त्यातली एक अट म्हणजे साठा 10 लाख घनमीटर किंवा जास्त असणे. पवईचा साठा 545 कोटी लिटर, म्हणजे साडेचोपन्न लाख घनमीटर, म्हणजे साठ्याची अट पाचपट पूर्ण होते. उंची मात्र अगदी उंबरठ्यावर. 10 च्या वर मोजली तर कायदा लागू, थोडी खाली मोजली तर नाही. मग साहेब, तुम्ही ती किती मोजलीत? कायदा लागू होत असेल तर पावसाळ्याआधी एक आणि पावसाळ्यानंतर एक तपासणी करावी लागते, आणीबाणीत काय करायचं याचा आराखडा लागतो. आणि लागू होत नसेल तर कागदावर चार बोटं कमी भरली म्हणून खालच्या वस्तीचा जीव स्वस्त होतो का, तेही एकदा सांगा. मी हाच प्रश्न घेऊन एका ऑफिसात गेले होते. तिथल्या गृहस्थांनी चहा पाजला, माणूस चांगला होता, आणि म्हणाले, "ताई, पाणी आमच्याकडे आहे पण काठ आमच्याकडे नाही, रस्ता तिसऱ्याकडे, आणि मगर तर आमच्या खात्यातच येत नाही." मी हसले, काय करणार. पण बाहेर पडल्यावर डोक्यात आलं की मगरीला हे कोणी सांगितलंय का.

मगरींचं येतंच पुढे, आधी सांडव्याचं, म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या जागेचं.

दर वर्षी जून-जुलैत बातमी येते, "पवई तलाव ओसंडून वाहू लागला", सगळीकडे फोटो, आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत सांडव्याच्या खाली जत्रा भरते. या तलावातलं पाणी कोणी बटण दाबून सोडत नाही, भरला की ते आपलं आपण वाहायला लागतं आणि वर पाऊस वाढला की खाली पाणी वाढतं, मिनिटांत. गेल्या पावसाळ्यात मी स्वतः बघितलेलं सांगते. एक बाप, कडेवर साधारण तीन वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात मोबाईल, रील चालू. मोठा मुलगा सात-आठचा असेल, चपला हातात घेऊन दगडावर उभा, आणि तो दगड इतका हिरवागार शेवाळलेला की त्याच्यावर बगळासुद्धा पाय घसरून उडाला असता. पोरगा एक पाय उचलायचा, घसरायचा, परत तोल सावरायचा आणि हसायचा. बापाचं लक्ष स्क्रीनमध्ये. माझ्या शेजारच्या भुट्टेवाल्या मावशींनी जोरात हाक मारली "ए बाळा, बस खाली, बूड टेकव!" तेव्हा ते पोर खाली बसलं. त्या दिवशी त्या जागेची सगळी सुरक्षा व्यवस्था म्हणजे त्या मावशी होत्या. दोन पोलीस होते, ते रस्त्यावरच्या गाड्या हटवत होते, त्यांची तरी काय चूक, त्यांना कामच ते दिलेलं.

लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात 30 जून 2024 ला एका कुटुंबातली पाच माणसं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाहून गेली, मुलं होती त्यात, अख्ख्या महाराष्ट्राने तो व्हिडिओ बघितला. मग बंदीचे आदेश निघाले, चार दिवस लाठ्या दिसल्या. आपल्याकडे तोच प्रकार, काही झालं की बंदी, बंदी झाली की लोक मागच्या वाटेने जातात, मागची वाट पुढच्या वाटेपेक्षा जास्त धोक्याची असते. मला बंदी नकोय. घाटकोपरच्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या माणसाने रविवारी पाणी बघायला कुठे जायचं मग, वॉटर पार्कची तिकिटं काय फुकट आहेत? पाणी बघू द्या, पण उभं राहायला एक धड जागा द्या, कठडा द्या, एक दोरी आणि एक रबराची रिंग खांबाला अडकवून ठेवा, आणि पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी पोहता येणारा एक माणूस शिट्टी घेऊन बसवा. हे सगळं मिळून त्या लेझर शोच्या ट्रान्सफॉर्मरएवढ्या खर्चात तरी होईल.

आणि ओसंडलेलं पाणी पुढे कुठे जातं? मिठीत. विहारचंही जास्तीचं पाणी मिठीतच. फिल्टरपाडा, मरोळ, मग विमानतळाला वळसा, कुर्ला, कलिना, बीकेसी, माहीम. पावसाळ्यात रोज सकाळी आपल्याला सात तलावांची टक्केवारी मिळते, अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी, एवढी की लहान पोरंसुद्धा भातसा किती भरला ते सांगतात. पवई त्यात नाही कारण पवईचं पाणी प्यायचं नाही. कबूल. पण साहेब, भातसा ओसंडला तर माझ्या घरात पाणी येत नाही, पवई आणि विहार ओसंडले आणि त्याच वेळी भरती असली तर येतं. तहानेचा आकडा रोज देता, बुडण्याचा का देत नाही? मोबाईलवर एक मेसेज, "पवईची पातळी अमुक, ओसंडायला इतके फूट बाकी, नदीकाठी सावध राहा", बस. आम्ही वस्तू वर उचलून ठेवू, म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडे पाठवू, बाकी आमचं आम्ही बघतो, 2005 पासून सवय आहे.

आता मगरी. पवईत मगरी आहेत, पहिल्यापासून आहेत, थंडीत दुपारी काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. कायद्याने त्यांना वाघाएवढं संरक्षण आहे, आणि असावंच. त्या आपल्या जागी आहेत, माणसांनीच त्यांच्या जागी जाऊन कपडे धुवायचे, ट्यूबवर बसून जाळी टाकायची, अंघोळी करायच्या हे चाललंय. धोक्याचा बोर्ड होता एक, मी ज्या बाजूला जाते तिथे. गंज चढून त्याच्यावर आता फक्त "साव" एवढी अक्षरं आणि मगरीची शेपटी उरलीये, त्याच्या शेजारच्या जाळीचा एक तुकडा कोणीतरी कापून भंगारात घातलाय आणि त्या भोकातून पोरं थेट पाण्यापाशी उतरतात. उन्हाळा लागताना मादी काठाच्या मातीत अंडी घालते, तेव्हाच नेमकं काठाकाठाने खोदकाम आणि रात्रभर दिवे. कोण ठरवतं हे वेळापत्रक?

सायकल ट्रॅकचं तर काय बोलायचं. काठावर दगड टाकून ट्रॅक करायला घेतला, लोकांनी सांगितलं नको, पर्यावरणवाल्यांनी सांगितलं नको, पालथ्या घड्यावर पाणी, शेवटी मे 2022 मध्ये मुंबई हायकोर्टाने ते काम बेकायदा ठरवलं आणि टाकलेलं सगळं काढून जागा होती तशी करायला सांगितलं. म्हणजे टाकायला पैसे आमचे आणि काढायलाही आमचेच. मला सायकलचं काही वाकडं नाही. पण त्यातून धडा हा घ्यायचा होता की आधी लोकांना विचारा, आणि मीटिंग बघून वाटलं की धडा फक्त "यावेळी डेक करूया" एवढाच घेतलाय.

सांडपाण्याबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत. नाल्यांचं मैलापाणी तलावात येतंय तोवर जलपर्णी काढून काही होणार नाही, मशीन फिरतं, ट्रक भरतात, बिलं निघतात आणि दिवाळीपर्यंत तलाव परत हिरवागार, लांबून येणाऱ्याला वाटतं क्रिकेटचं मैदान आहे. एवढंच लक्षात आणून देते की ही गोष्टही सुरक्षेचीच आहे. हिरव्या गालिच्याखाली पाणी किती खोल आहे ते कळत नाही, मगर कुठे आहे ते कळत नाही, आणि सांडव्याच्या तोंडाशी तो सगळा गुंता येऊन अडकला तर काय होईल ते मी सांगायची गरज नाही.

हा तलाव कोणाचा आणि कशासाठी हेही एकदा ठरवून टाका. चालणारे आहेत, गळ टाकणारे मेंबर आहेत, पक्षी बघणारे आहेत (एकदा त्यांनी माझ्या वडिलांना दुर्बिणीतून कमळपक्षी दाखवला, म्हातारा आठवडाभर तेच सांगत होता), गणपती विसर्जन आहे, छटपूजा आहे, शूटिंगवाले आहेत, आरेला पाणी जातं ते वेगळंच. सगळ्यांना जागा होऊ शकते, तलाव भरल्यावर सव्वादोन चौरस किलोमीटरचा होतो, काही लहान नाही. पण कुठे माणसं, कुठे मगरी, कुठे मूर्ती आणि कुठे कोणीच नाही हे नकाशावर आखून बोर्डवर लावायला नको का? आज जो मोठ्याने बोलतो त्याचा तलाव असं झालंय.

मागण्या लिहिते, फार नाहीत, सगळ्या साध्या आहेत आणि बहुतेकांना नवीन टेंडरसुद्धा लागणार नाही.

भिंतीची आणि सांडव्याची तपासणी पावसाळ्याआधी आणि नंतर करा, आणि रिपोर्ट मराठीत, सगळ्यांना वाचता येईल असा जाहीर करा. "स्थिती समाधानकारक" एवढी एक ओळ चालणार नाही. भिंतीवर झाडं उगवलीत का, पाणी कुठे झिरपतंय का, गाळ किती, हे हवं. पवई 2021 च्या कायद्यात बसतो की नाही ते हो किंवा नाही असं सांगा.

पवईची पातळी त्या सात तलावांबरोबर रोज द्या, आणि ओसंडायच्या आधी नदीकाठच्या वस्त्यांना भोंगा किंवा मेसेज, काहीतरी.

सांडव्यापाशी कठडा, दोरी, रिंग, पावसाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी प्रशिक्षित माणूस. त्या भुट्टेवाल्या मावशींसारख्या तिथे रोज असणाऱ्या लोकांना हाकलू नका, त्यांनाच दोन दिवसांचं ट्रेनिंग द्या, कोण कुठे बुडतंय ते त्यांना तुमच्याआधी दिसतं.

जाळीचं भोक बुजवा आणि मगरीचा बोर्ड नवीन लावा, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हीत, चित्र मोठं. हे तर उद्याच होईल, एक वेल्डर आणि एक पेंटर लागतो.

सुशोभीकरणाचं कुठलंही काम, डेक असो की कारंजं, वरच्या चार गोष्टी झाल्याशिवाय सुरू करू नका, आणि करण्याआधी खालच्या बाजूच्या, म्हणजे फिल्टरपाडा ते मरोळच्या लोकांनाही मीटिंगला बोलवा. आतापर्यंत बोलावणं फक्त ज्यांच्या खिडकीतून तलाव दिसतो त्यांनाच जातं.

आणि शेवटचं, एक माणूस नेमा. पाणी, काठ, रस्ता आणि मगर या सगळ्यांसाठी मिळून एक नाव, एक फोन नंबर, तो बोर्डवर लिहा. बाकी खाती आपसात काय ते बघून घेतील.

नालेसफाईची डेडलाइन दर वर्षी 31 मे असते, याचीही तीच धरा. उत्तर द्याल तर जाहीर द्या, मला घरी पाठवू नका, आवकच्या शिक्क्याच्या पोचपावत्या माझ्याकडे आधीच भरपूर आहेत. पुढच्या मीटिंगला मी येणारच आहे, आणि प्रश्न तोच विचारणार आहे.

आपली,
मरोळची एक रहिवासी